नदीचे रूप जाणल्यावाचून नदीचा उद्धार कसा?

नदीला माता म्हणणे सोपे आहे; त्या मातेची प्रकृती ओळखणे कठीण आहे. हिंदु समाज पृथ्वीच्या पाठीवर जेथे जेथे जाऊन वसला, तेथे तेथे त्याने नदीचे स्मरण सोडले नाही. स्नानाच्या वेळी सात नद्यांची नावे घेण्याची रीत सातासमुद्रापलीकडेही टिकून राहिली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईच्या धक्क्यावर करारबद्ध मजुरांची तुकडी उतरली, आणि पुढील काळात रत्नागिरीकडील कित्येक कुटुंबे त्याच वाटेने मॉरिशसला पोहोचली. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता, परत जाण्याची शाश्वती नव्हती. परंतु पाण्याविषयीचा आदर होता. ग्रां बासँ ह्या डोंगरमाथ्यावरील सरोवराचे पुढे ‘गंगा तलाव’ झाले, ते ह्या आदरामुळेच. त्यांच्याच वंशातील काही कुटुंबे आज आयर्लंडात स्थिरावली असताना, तेथील नद्यांशी त्यांचे नाते कोणते, हा प्रश्न सहजच उपस्थित होतो. ते नाते केवळ हात जोडण्यापुरते असून चालणार नाही. ज्या नदीस वंदन करावयाचे, तिचे रूप व तिचे दुखणे समजून घेणे हेही पूजेचेच अंग मानले पाहिजे.

डब्लिनच्या उत्तरेस वसलेले स्वोर्ड्स हे नगर ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. इंग्रजी कानाला हे नाव तलवारींचे वाटते. वस्तुतः त्याचा तलवारीशी काहीएक संबंध नाही. मूळ आयरिश शब्द ‘सोर्द’ असा असून त्याचा अर्थ स्वच्छ, निर्मळ असा सांगतात. इसवी सन ५६० मध्ये संत कोलमकिल ह्यांनी येथे मठ स्थापिला व येथील झऱ्याला आशीर्वाद दिला, अशी परंपरा आहे. म्हणजे ज्या नगराचे नावच निर्मळ पाण्यावरून पडले, त्या नगराने आपल्या नद्यांचे काय केले, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

स्वोर्ड्सला दोन नद्या लाभल्या आहेत. वॉर्ड नदी पश्चिमेकडून नॉकसेडनच्या पुलाखालून येते, नदीकाठच्या लांबट उद्यानातून वाहत नगरात शिरते आणि डब्लिनच्या आर्चबिशपांनी सुमारे १२०० च्या सुमारास बांधविलेल्या किल्ल्याजवळून पुढे जाते. दुसरी ब्रॉडमेडो, ती मीथ परगण्यातून रॅटोथ व ॲशबोर्न ह्या गावांवरून येते. नगराच्या उत्तरेस दोघींचा संगम होतो आणि लगेच ती जोडनदी मॅलाहाइडच्या खाडीस मिळते. हिवाळ्यात दूर उत्तर ध्रुवाकडील रानहंस ह्या खाडीवर मुक्कामास येतात. युरोपीय कायद्याने ह्या खाडीस संरक्षण दिलेले आहे; परंतु खाडीचे आरोग्य हे तिला मिळणाऱ्या नद्यांच्या आरोग्यावर अवलंबून असते, ही गोष्ट कोणत्याही कोंकणी माणसाला शिकवावी लागणार नाही.

१९४५ साली आयर्लंडात जमिनीतील पाण्याचा निचरा करण्यासाठी एक मोठा कायदा झाला. त्या कायद्यान्वये १९६१ ते १९६४ ह्या काळात ब्रॉडमेडो व वॉर्ड ह्या दोन्ही नद्यांची पात्रे यंत्रांनी खोल केली गेली, रुंद केली गेली आणि जागोजाग सरळ केली गेली. त्या कामामागील हेतू वाईट होता, असे कोणी म्हणू नये. पाणथळ जमिनीत शेतकऱ्याचे पीक सडत होते, गुरांचे पाय रुतत होते. पाणी लवकर निघून जावे आणि चांगले कुरण हाती यावे, ही त्या काळातील गरजू देशाची रास्त इच्छा होती. दोष हेतूत नव्हता. दोष समजुतीत होता. नदी म्हणजे पाणी वाहून नेणारा एक चर, एवढीच ती समजूत होती.

आता चर आणि नदी ह्यांत भेद तो कोणता? एखादा ओढा हजार मीटर वळणे घेत जाऊन दोन मीटर खाली उतरतो, असे समजा. त्याचा उतार पाचशेत एक झाला. तीच वळणे कापून त्याची लांबी सातशे मीटर केली, तरी उतरावयाचे अंतर दोन मीटरच राहते. मात्र उतार साडेतीनशेत एक होतो. पाण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की ते तळ खरवडू लागते. तळ खोल गेला की काठांचा आधार सुटतो व दरडी ढासळू लागतात. ढासळलेली माती पुढे जाऊन जेथे उतार संपतो तेथे, म्हणजे पुलाखाली, गावाजवळ वा खाडीच्या मुखाशी, साचते. मग तो गाळ काढण्यासाठी पुन्हा यंत्र आणावे लागते. शिवाय पात्र खोल झाल्यामुळे पुराचे पाणी पूर्वीप्रमाणे शेजारच्या सखल माळावर पसरून विसावा घेत नाही. ते सर्वच्या सर्व एकदम खालच्या वस्तीवर जाऊन आदळते. वरच्या शेतातील पाणी लवकर गेले, ह्या समाधानाची किंमत अशी खालच्या नगराला मोजावी लागते.

दुसरी हानी डोळ्यांना चटकन दिसत नाही. कोंकणातील वहाळाकाठी वाढलेल्या माणसांना डोह आणि उतार ही जोडी परिचयाची असते. डोहात पाणी खोल, संथ व गार असते. उतारावर ते गोट्यांवरून खळाळते आणि तेथूनच माणसे व गुरे पलीकडे जातात. ही जोडी यदृच्छेने पडलेली नसते. मोकळ्या सोडलेल्या नदीत एका उतारापासून दुसऱ्या उतारापर्यंतचे अंतर सामान्यतः पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट भरते, आणि एका पूर्ण वळणाची लांबी रुंदीच्या सुमारे दहा ते चौदा पट असते. नदी जणू आपल्या अंगाच्या मापानेच आपले वस्त्र बेतते. ट्राउट मासा अंडी घालतो तो उतारावरील स्वच्छ खड्यांत. कारण खड्यांच्या फटींतून वाहणारे पाणी त्या अंड्यांना प्राणवायू पुरविते. फटींत गाळ बसला की अंडी गुदमरतात. मोठा झालेला मासा उन्हाळ्यात व शत्रूच्या भयाने आश्रय घेतो तो डोहात. यंत्राने तळ सपाट केला की डोहही गेला आणि उतारही गेला. पाणी राहिले, नदी राहिली नाही.

हे ज्ञान आजकालचे नव्हे. लिओपोल्ड व मॅडॉक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५३ साली दाखवून दिले की, पाण्याचे मान वाढत जाते तसतशी नदीची रुंदी, खोली व गती ही ठराविक प्रमाणात वाढत जातात. १९५५ साली लेन ह्यांनी पाणी व उतार एका पारड्यात आणि गाळाचे प्रमाण व कणांचा आकार दुसऱ्या पारड्यात, असा तराजू मांडला. एक पारडे हलविले की नदी दुसरे हलवून तोल साधते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ब्रॉडमेडोवर यंत्रे चालू झाली त्या वेळी हे शास्त्र छापून झालेले होते. ते निर्णयापर्यंत पोहोचले मात्र नव्हते. ज्ञान ग्रंथात असणे आणि व्यवहारात असणे ह्यांतील अंतर किती महाग पडते, ह्याचे हे उदाहरण होय.

नदीच्या रूपाचा अभ्यास करणे म्हणजे काय, हेही स्पष्ट केले पाहिजे. कारण त्यात सामान्य माणसाला न कळण्याजोगे गूढ काही नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणून ठराविक अंतरावर खोली मोजली की पात्राचा छेद मिळतो. प्रवाहाच्या दिशेने तळाची उंची मोजीत गेले की उताराची रेघ मिळते. तळावरचे शंभर खडे न निवडता उचलून त्यांची जाडी मोजली की नदी कोणता माल वाहते ते कळते. ही रीत वोल्मन ह्यांनी १९५४ साली सुचविली आणि आजही ती चालते. सामान्यतः एकदोन वर्षांतून एकदा ज्या पातळीपर्यंत पात्र काठोकाठ भरते, ती पातळी ओळखणे हे ह्या अभ्यासाचे मर्म आहे. कारण पात्राचे रूप घडविण्याचे बरेचसे काम त्याच पाण्याकडून होते. आयर्लंडात नदीचे रूप तपासण्याची जी पद्धत प्रचारात आहे, तीत आठ गोष्टी पाहतात: पात्राचा आकार व प्रवाहाचे प्रकार, पाण्यातील वनस्पती, तळाचा माल, पात्र किती भरलेले आहे, काठांची स्थिरता, काठावरील झाडोरा, काठालगतच्या जमिनीचा उपयोग आणि पूरमैदानाशी नदीचा संबंध. प्रत्येकीस शून्य ते चार गुण देतात. ३२ पैकी किती गुण मिळाले ह्यावरून नदीची प्रकृती कळते. वैद्याने नाडी पाहावी तसाच हा प्रकार आहे.

ह्यावरून एक निष्कर्ष निघतो, आणि तो निःसंकोचपणे मांडणे अवश्य आहे. नदीचे सुशोभन आणि नदीचे पुनरुज्जीवन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. काठावर बाके मांडली, फरसबंदी पायवाट केली, फुलझाडे लावली, म्हणजे माणसाची सोय झाली. नदीचे काही झाले नाही. इतकेच नव्हे, तर रूपाचा अभ्यास न करता केवळ हौसेने पात्रात दगड टाकले वा मनाला येईल तेथे वळण काढले, तर पुढच्या मोठ्या पुरात ते सर्व वाहून जाते आणि लोक म्हणू लागतात की असले प्रयत्न व्यर्थ आहेत. रोग न ओळखता दिलेले औषध गुण देत नाही, ह्यात औषधाचा दोष नसतो. वॉर्डसारख्या मंद उताराच्या व चिकणमातीच्या काठांच्या नदीबाबत तर अधिकच सावध असावे लागते. कारण डोंगरी नदी आपली मोडलेली वळणे थोड्या वर्षांत स्वतः घडवू शकते, मंद नदीला तेवढे बळ नसते. ती दशकानुदशके यंत्राने दिलेल्या आकारातच पडून राहते. तिला हात द्यावा लागतो, पण तो जाणत्याचा हात पाहिजे.

असा हात दिल्याने काय साधते, ह्याची उदाहरणे आहेत. डेन्मार्कमधील स्कॅर्न नदी १९६० च्या दशकात सरळ करण्यात आली. अल्पावधीत जमिनी खचू लागल्या, गाळ समुद्रमुखाशी साचू लागला. अखेर १९९९ ते २००२ ह्या काळात १९ किलोमीटरच्या सरळ कालव्याची पुन्हा २६ किलोमीटरची वळणदार नदी करण्यात आली. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात किसिमी नदीचे १६६ किलोमीटरचे वळणदार पात्र १९६२ ते १९७१ ह्या काळात ९० किलोमीटरच्या कालव्यात कोंडले गेले. त्याचे परिमार्जन करण्याचे बांधकाम १९९९ मध्ये सुरू होऊन २०२१ मध्ये पुरे झाले. दहा वर्षांत केलेली चूक दुरुस्त करावयास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्याच १९६० च्या दशकातील ब्रॉडमेडो व वॉर्ड ह्या नद्यांची पाळी अद्याप यावयाची आहे.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, २०२२ च्या जनगणनेत स्वोर्ड्सची लोकसंख्या चाळीस हजारांवर गेली आहे. एवढ्या लोकवस्तीत नदीला वळणे घेण्याची मुभा दिली तर घरात पाणी शिरेल. ह्याचे उत्तर असे की, वळणे नगराच्या मध्यभागी द्यावयाचीच नाहीत. नगरात भिंती असतील त्या राहाव्यात. परंतु नगराच्या वर, जेथे अजून शेते व माळ आहेत, तेथे नदीला पसरण्यास जागा दिली तर पुराचा जोर नगरात येण्यापूर्वीच ओसरतो. म्हणून घरांच्या रक्षणासाठीच वरच्या माळावर नवी बांधकामे होऊ न देणे इष्ट ठरते. एकदा पूरमैदानावर घरे उभी राहिली की नदीचा अभ्यास कितीही उत्तम असो, तो कपाटातच राहावयाचा.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. १९४५ च्या कायद्याने सार्वजनिक बांधकाम खात्यावर अशी जबाबदारी टाकली आहे की, निचऱ्यासाठी केलेली पात्रे त्याच कार्यक्षम स्थितीत राखली पाहिजेत. देशभरात अशी सुमारे साडेअकरा हजार किलोमीटरची पात्रे त्या खात्याकडे आहेत. दुसरीकडे युरोपीय संघाचा २००० सालचा जलविषयक आदेश नद्यांची स्थिती सुधारावयास सांगतो, आणि २०२४ मध्ये अंमलात आलेला निसर्ग पुनःस्थापनेचा कायदा २०३० पर्यंत युरोपातील निदान २५,००० किलोमीटर नद्या अडथळ्यांवाचून वाहत्या करण्याचे ध्येय ठेवतो. एक कायदा नदीला चर ठेवू पाहतो, दुसरा चराची नदी करू पाहतो. ह्या विरोधाचा निकाल अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपोआप लागणार नाही. सुजाण नागरिकांनी तो मागावा लागेल. शेतकऱ्याची जमीन नदीसाठी घेतली गेली तर त्यास योग्य मोबदला मिळाला पाहिजे, हेही त्याच मागणीत असावयास हवे. एकाचे पुण्य दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन जोडता येत नाही.

पाण्याच्या रूपाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, ह्याचा धडा ह्याच परिसरात मिळून चुकला आहे. मॅलाहाइडच्या खाडीवरून १८४४ साली रेल्वे नेण्यात आली. पुलाचे खांब पाण्याखालील दगडांच्या बांधावर उभे होते. भरतीओहोटीचे पाणी तो बांध सतत झिजवी आणि पूर्वीचे जाणते कामगार त्यावर वेळोवेळी दगड टाकीत. कालांतराने ते लोक गेले आणि त्या कामाचे महत्त्वही विस्मृतीत गेले. ऑगस्ट २००९ मध्ये तेथील सागरी बालवीर पथकाच्या एका कार्यकर्त्याने पाण्याचा प्रवाह बदलल्याचे ओळखून रेल्वेस कळविले. पाहणीही झाली, पण धोका उमगला नाही. २१ ऑगस्ट रोजी एक खांब खचला व पुलाचा सुमारे वीस मीटरचा भाग पाण्यात कोसळला. एका गाडीच्या चालकाने वेळीच ओळखल्यामुळे प्राणहानी टळली. पुढील चौकशीत, संस्थेची जुनी स्मृती नष्ट झाल्याचे कारण स्पष्टपणे नोंदविले गेले. ज्याने नेहमी पाण्याकडे पाहिले त्याला बदल दिसला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

करारबद्ध मजुरांच्या वंशजांना ह्या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते इतरांहून अधिक आहे. उसाच्या मळ्यांतील धोंडे उचलून रचणारे आणि पाण्याचे चर खणणारे हात त्यांच्या पूर्वजांचेच होते. जमीन व पाणी ह्यांना हिशेबाच्या वहीतील सरळ रेषांत बसविण्याची किंमत कोण देतो, हे त्या पिढ्यांनी अंगावर सोसले. ज्या व्यवस्थेने माणसाला केवळ श्रमाचे माप मानले, तिनेच नदीला केवळ निचऱ्याचे माप मानले. दोन्ही ठिकाणी अंगभूत रूप नाकारले गेले. पुढेही हा अनुभव सरला नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये झालेल्या अतिवृष्टीत, बंदिस्त केलेल्या नगरातून पाणी वाट काढीत गेले आणि ११ जणांचे प्राण गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भराव व भिंती ह्यांनी आवळलेल्या मिठी नदीने मुंबईला काय दाखविले, ते सर्वश्रुत आहे. उलट, मॉरिशसच्या १९८३ च्या कायद्यात नदीच्या काठाशी १६ मीटर, उपनदीच्या काठाशी ८ मीटर आणि लहान ओहोळाच्या काठाशी ३ मीटर जागा राखीव ठेवण्याचे तत्त्व आहे. नदीला तिची जागा द्यावी, हे त्या लहानशा बेटाने कायद्यात लिहून ठेवले. ह्या विचाराचा वारसा घेऊन आलेल्या कुटुंबांनी नव्या देशात मूक राहावे, हे शोभणारे नाही.

तेव्हा सांस्कृतिक मंडळांनी काय करावे? प्रथम, गणेशविसर्जन मातीच्या मूर्तीचेच आणि शक्य तो घरच्या पात्रात करावे. नदीत रंग व प्लास्टर सोडून तिचे स्तोत्र म्हणणे हा विसंवाद आहे. दुसरे, वॉर्ड नदीचा उद्यानातील एखादा लहान भाग निवडून, फिंगल परगणा कौन्सिलची संमती घेऊन, दरवर्षी एकाच जागी छेद मोजावा, शंभर खडे मोजावेत, एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि ती वही जपून ठेवावी. पहिल्या वर्षी तिची किंमत फारशी वाटणार नाही. दहाव्या वर्षी ती अमोल ठरेल, कारण संस्थांची स्मृती जाते तेथे अशी वहीच साक्ष देते. तिसरे, नगराच्या विकासाचे आराखडे लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा पूरमैदान मोकळे ठेवावे व वरच्या भागात नदीचे रूप पुन्हा घडवावे, अशी मागणी लेखी द्यावी. चौथे, हे काम वयस्कांनी मुलांसमवेत करावे. आजोबांना वहाळातील डोह ठाऊक असतो, नातवाला मोजमाप करता येते. दोघांनी एकत्र गुडघाभर पाण्यात उभे राहिल्याने भाषा, संस्कार व शास्त्र ही तिन्ही एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

पूर्वजांनी परक्या सरोवरात गंगा पाहिली, ही त्यांची श्रद्धा होती. वंशजांनी परक्या ओढ्याचे दुखणे पाहावे, ही त्या श्रद्धेची पुढची पायरी होय. ज्या नगराचे नावच निर्मळ ह्या अर्थाचे आहे, त्या नगराच्या नद्यांत पुन्हा डोह पडोत, उतारांवर पाणी खळाळो आणि त्या कार्यास ह्या समाजाचा हातभार लागो.